बोर्डिंगमध्ये पोरांना नक्की मिळतं काय?

घालमेल_बाबा:
मुलगी ११ वर्षांची आहे, बोर्डिंगला जायचं खूळ तिनेच काढलंय, मैत्रीण जातेय म्हणून सुरू झालं असेल पण आता हट्टालाच पेटलीये. बायको म्हणते पाठवूया, एकुलती एक आहे, सगळं हातात आयतं मिळतंय. माझा जीव होत नाहीये. माहितीपत्रकात स्विमिंग पूल आणि हसणारी पोरं आहेत ते सोडा, घरी राहून मिळत नाही असं तिथे काय मिळतं? जे राहिलेत त्यांनी सांगा प्लीज, गोड गोड नको.

खिडकीजवळची_खाट:
मी शेवटपर्यंत हॉस्टेलला होतो. सगळ्यात मोठं काय तर भांडून पळून जाता येत नाही. घरी मित्राशी बिनसलं की विषय संपला, तिथे ज्याच्याशी बोलणं बंद तोच हातभर अंतरावर घोरतोय, सकाळी त्याच्याच अलार्मने उठायचंय. मग दोन-तीन दिवसांनी कोणीतरी मुकाट्याने पेन मागतं आणि मिटतं. ऑफिसात हे रोज कामाला येतं.
दुसरं म्हणजे वेळ. जाण्यायेण्यात काही जात नाही, मैदान, लायब्ररी, स्टेज सगळं चालत जाण्यासारखं, आणि शिकवायला सिनियर पोरं असतात. नाटकाचे लाइट लावायला मला एका मोठ्या पोराने शिकवलं, सर लोकांना पत्ताही नव्हता.
बाकी स्वावलंबन वगैरे म्हणजे मोज्यांवर मार्करने नाव घालायचं आणि तरी लाँड्रीतून एकच परत यायचा.
वाईट म्हणाल तर एकांत नाही. रडायचं तरी बाथरूममध्ये नळ सोडून.

उलटतपासणी:
नळ सोडून रडणं हे इतकं हसत सांगायचं नसतं हो. ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञ जॉय शाव्हेरिअन यांनी २०११ मध्ये 'बोर्डिंग स्कूल सिंड्रोम' मांडला, फार लहानपणी पाठवलेली मुलं भावना आत कोंडायला शिकतात आणि मोठेपणी जवळच्या माणसांपाशीही मोकळी होत नाहीत असा त्याचा सूर. अधिकृत आजार नाही तो, पण ऐकून घेण्यासारखं आहे.
आणि बोर्डिंगमुळे पोरं हुशार होतात हेही फार ताणू नका. ऑस्ट्रेलियात हजारो विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात (२०१४ ला छापून आला) घरून येणारी आणि बोर्डिंगची मुलं बरीचशी सारखीच निघाली, फरक होता तो थोडासा बोर्डिंगच्या बाजूने.

जुनी_वॉर्डन:
दोघांचंही खरं आहे. पण ७-८ वर्षांचं पाठवलेलं मूल आणि ११ व्या वर्षी स्वतः मागून जाणारी मुलगी यात खूप फरक आहे, निर्णयात स्वतःचा हात असला की घरची आठवण कमी छळते. आठवण येणारच, दिवसा नाही, दिवे बंद झाल्यावर आणि रिकाम्या रविवारी. एकच कळकळीने सांगते, 'नाही करमलं तर लगेच न्यायला येतो' असं वचन देऊ नका. बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात, कारण मग पोर रुळायचं सोडून तुमच्या गाडीची वाट बघत बसतं. आधी नातेवाईकांकडे चार रात्री तुमच्याशिवाय राहू दे.
शाळेला विचारा की रात्री पोट दुखलं तर मुलीने कोणाचं दार वाजवायचं, त्या बाईंकडे किती मुली आहेत, आणि घरी फोन करताना शेजारी कोणी उभं असतं का. शिक्षक किती शिकलेत ते नंतर.

घालमेल_बाबा:
वचन तर देऊन बसलोय आधीच 😅 बघतो कसं सावरायचं. शनिवारी शाळा बघायला जातोय, अकराची वेळ दिलीये त्यांनी.

जुनी_वॉर्डन:
अकराला सगळी वर्गात असतात, काय दिसणार तुम्हाला? संध्याकाळची मागा, जेवणाच्या सुमाराची. आणि तिला तिथल्या मुलींबरोबर सोडून तुम्ही दोघं जरा लांब जाऊन उभे राहा.