शाब्दिक उदाहरणं: व्हरांड्यात बरोबर, वहीत चूक

खाडीकाठची बाई
गुहागर तालुक्यात आमची दोनशिक्षकी शाळा. तिसरी-चौथी माझ्याकडे, पट 17. शाब्दिक उदाहरण दिलं की वाचायच्या आधीच प्रश्न येतो, "बाई, बेरीज का वजाबाकी?" म्हणून दिवाळीनंतर मी उदाहरणं मुलांकडून चालून-फिरून करून घ्यायला लागले. धोपावे-दाभोळ फेरीबोट पोरांच्या रोजच्या बघण्यातली. व्हरांड्यात खडूने बोट आखली, एकाला तिकिटं फाडायला उभं केलं. बोटीत 9 जण, 4 उतरले, 6 चढले. कुणी चुकत नाही. तिकीटवाला तर सुट्टे नाहीत म्हणून भांडतोसुद्धा.

मागच्या आठवड्यात वहीत दिलं: "धक्क्यावर बोटीतून 8 जण उतरले, 5 चढले. आता बोटीत 14 जण आहेत. आधी किती होते?" 13 वह्यांमध्ये उत्तर 11. चौदातून 8 काढले, 5 मिळवले, झालं.

प्रशिक्षणात सांगतात खेळातून शिकवा. साहेब शाळाभेटीला आले की विचारतात, "हा गणिताचा तास का खेळाचा?" आणि वह्या मागतात. वहीत हे 11. मी उगाच नाचवतेय का पोरांना?

निवृत्त गुरुजी, मालवण
बाई, पोरां हुशार आसत. तुम्ही आजवर जी बोट चालवली ती कायम सरळ चालली. आधीचे माहीत, मग उतरले, मग चढले, शेवटी मोजा. या उदाहरणात शेवट दिलाय आणि सुरुवात विचारलीय. तेव्हा बोट उलटी चालवा. आधी 14 जण बोटीत उभे करा. त्यातल्या शेवटी चढलेल्या पाच जणांच्या हातात आंब्याचं पान द्या. आता पानवाले पाच उलट्या पावली धक्क्यावर. मग उतरून गेलेले आठ उलट्या पावली बोटीत. उलट्या पावलीच चालायला लावा, ते महत्त्वाचं. चढणं म्हणजे बेरीज हे पाठ झालेलं मोडतं ते तिथेच.

दुसरं म्हणजे डी.एड.ला शिकलेला मानसशास्त्रज्ञ ब्रूनर आठवा. आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. तुमची पोरं व्हरांड्यातून थेट 14 - 8 वर उडी मारतायत. मधे एक कोरं पान द्या. त्यावर आकडेमोड नको, नुसती बोट, धक्का आणि बाण काढू देत.

जांभ्यादगड
देवगडकडचा शिक्षक. गुरुजींशी सहमत, माझी भर दोन गोष्टींची.

ठिकरीच्या खेळासारख्या चौकटी आखून आम्ही उड्यांवर बेरीज घेतो. सातवर उभं राहून पाच उड्या मारायच्या. एक मुलगा रोज 11 वर पोचायचा. मला वाटायचं लक्ष नाही. एकदा त्याच्या पायाशी बसून ऐकलं, तर उभा असलेल्या चौकटीतच तो "एक" म्हणत होता. उडी मोजायची, चौकट नाही, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. उलटी चूक दिवसांची. यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते, तर होड्या किती दिवस किनाऱ्यावर? पोरं 31 मधून 1 वजा करून जुलैचे 30 सांगतात. इथे मात्र पहिली चौकटही मोजायची असते. मुठीची हाडं मोजून 30 आणि 31 धरले की 61 येतात.

आणि "जास्त" शब्दापासून सावध. "माझ्याकडे 9 काजू आहेत, ते तुझ्यापेक्षा 4 ने जास्त. तुझ्याकडे किती?" सगळी पोरं 13 म्हणतात. दोन रांगा समोरासमोर उभ्या करून हात धरायला लावा. हाताला जोडीदार न मिळालेले चार जण दिसले की 5 हे उत्तर आपोआप येतं.

तिसरीचा पालक
मी शिक्षक नाही, आरवलीत दुकान आहे. घरी पोरगी पेल्यांची बोट करून खेळते. एवढंच सांगायचं होतं.

खाडीकाठची बाई
काल करून पाहिलं. गंमत म्हणजे गुरुजींच्या हिशेबाला माझी मुलंच पुरेनात! उत्तर 17, पट 17, म्हणून मी निश्चिंत होते. पण बोटीत 14 उभे केल्यावर धक्क्यावर उरले तीनच, आणि परत चढायला हवेत आठ. एक चौथीतली म्हणाली, "बाई, ते पानवाले पाचच परत चढतील." दुसरी म्हणाली, "नाही, परत चढणारे तर आधी उतरून घरी गेलेले लोक आहेत." पाच मिनिटं वाद. शेवटी आधीचे 17 आणि नवे 5, अशी 22 माणसं लागतात हे त्यांनीच काढलं, आणि शेजारच्या वर्गातून दुसरीतली पाच पोरं उसनी आणली. सकाळच्या गोंधळात हा वाद मला सर्वांत मोलाचा वाटला.

कोऱ्या पानावरचं चित्र आज घेतलं. 17 पैकी 11 जणांचे बाण बरोबर दिशेला. उरलेल्या सहांपैकी चौघांनी बोट मात्र फार छान काढलीय, त्यावर गाडीसुद्धा चढवलीय. जांभ्यासर, तुमच्या काजूच्या रांगा सोमवारी. तिकीटवाल्याने आत्ताच विचारलंय, रांगेत त्याला काम काय.