निर्बंध असलेल्या जातींच्या कुत्र्यांना ट्रेनिंग क्लासने प्रवेश नाकारावा का?

रानवारा
ज्या कुत्र्यांवर कायद्याने निर्बंध घातलेत, नेमक्या त्यांनाच शिकवायला बहुतेक क्लासवाले तयार नसतात. जात ऐकली की फोन ठेवतात. कुत्र्याला एकदा बघतो असंही कुणी म्हणत नाही. मला हे अजिबात पटत नाही.

आयर्लंडचे 1998 चे नियम बघा. त्यांच्या यादीत रॉटवायलर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड, अकिता, स्टॅफर्डशायर बुल टेरियर अशा 11 जाती होत्या. सार्वजनिक जागी तोंडाला मुसकं हवं, मजबूत पट्टा दोन मीटरपेक्षा आखूड हवा आणि तो धरणारा माणूस 16 वर्षांवरचा हवा. नियम पाळायलाच हवेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परिणाम काय होतो? हाक मारली की परत येणं हा सगळ्यात महत्त्वाचा धडा लांब दोरीवर, मोकळ्या जागी शिकवायचा असतो, आणि तोच या कुत्र्यांना बाहेर मिळत नाही. क्लासचं दारही बंद असेल तर मालकाने जायचं कुठे?

त्यात वेळ हातातून निसटतो. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत नवी माणसं, आवाज, इतर कुत्री सहज स्वीकारतं. क्लास शोधण्यातच हे दिवस गेले तर पुढे प्रत्येक गोष्टीला दुप्पट मेहनत पडते. माझं म्हणणं एवढंच की प्रवेश द्यायचा की नाही हे त्या कुत्र्याचं वागणं बघून ठरवा, जातीवरून नको.

सावधपाऊल
मी गटाचे क्लास घेते आणि या जातींना गटात घेत नाही. पुढेही घेणार नाही.

एका हॉलमध्ये सात-आठ कुत्री, त्यातली निम्मी पिल्लं, आणि पट्टा कसा धरायचा हेच शिकायला आलेले मालक. तिथे एक पट्टा हातातून सुटला की काय होतं ते मी पाहिलंय. माझ्या विम्याच्या कागदावर काही जाती नावानिशी वगळल्या आहेत. काही घडलं तर विमा कंपनी हात वर करणार आणि ज्याच्या कुत्र्याला इजा झाली तो माझ्या दारात येणार. यात तुमच्या कुत्र्याला वाईट ठरवण्याचा प्रश्नच नाही.

दुसरं म्हणजे, क्लास केला की प्रश्न सुटतो हे गृहीत का धरायचं? स्वित्झर्लंडने 2008 मध्ये सगळ्याच कुत्रामालकांना कोर्स सक्तीचा केला. सुमारे एक पंचमांश मालक फिरकलेच नाहीत, कोर्स केलेल्यांत आणि न केलेल्यांत ठळक फरकही दिसला नाही. 2017 पासून ती सक्ती देशपातळीवर उठली.

रानवारा
विम्याचा मुद्दा मान्य. पण स्विस उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे काही तासांचा कोर्स सगळ्यांच्या गळ्यात मारला होता. मी बोलतोय ते स्वतःहून दार ठोठावणाऱ्या, महिनोन्महिने मेहनत करायची तयारी असलेल्या मालकांबद्दल. नकार मिळतो तो नेमका त्यांना. बेफिकीर माणूस क्लास शोधायला जातच नाही, त्यामुळे त्याचं काही बिघडत नाही.

गटात नको म्हणता, ठीक. मग एकट्याला शिकवा, किंवा कोण शिकवेल ते सांगा. नुसता "नाही" म्हणून फोन ठेवणं मला बेजबाबदार वाटतं.

प्राजक्ता_पहाट
मला दोन लहान मुलं आहेत. मी स्पष्टच बोलते, राग मानू नका.

कुत्रा चावण्याची शक्यता किती, हा एक प्रश्न. चावला तर काय होईल, हा दुसरा. ट्रेनिंगचे समर्थक पहिल्यावरच बोलत राहतात. लहान कुत्रा चावला तर बहुधा टाके पडतात, चाळीस-पन्नास किलोचा कुत्रा सोडेनासा झाला तर जीव जाऊ शकतो. मुलांची उंची अशी असते की चावा चेहऱ्यावर, मानेवर येतो. आणि "आमचा ट्रेन केलेला आहे" म्हणणारा मालकच आधी मुसकं काढतो, पट्टा सैल सोडतो. त्याच्या या विश्वासाची मला जास्त भीती वाटते. इतके निर्बंध आहेत हे माहीत असताना अशी जात घरी आणायचीच कशाला?

ओलावा
प्राजक्ताताई, इजेच्या तीव्रतेबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि या कुत्र्यांच्या मालकांनी ते मनावर घ्यायला हवं. जातीवरून स्वभाव ओळखता येतो, हे मात्र अभ्यासांत टिकत नाही. जर्मनीत हॅनोवरला निर्बंधित जातींच्या कुत्र्यांची आणि गोल्डन रिट्रीव्हरची एकाच पद्धतीने स्वभावचाचणी घेतली. 2008 साली निष्कर्ष आले, तेव्हा अनाठायी आक्रमकतेत लक्षणीय फरक सापडला नाही. 2022 मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या, 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या अभ्यासात वागण्यातल्या फरकांपैकी जातीचा वाटा जेमतेम 9 टक्के निघाला. नेदरलँड्सने 1993 चा पिटबुलविरोधी नियम 2008 मध्ये मागे घेतला, कारण चावे कमी झाले नव्हते. इटलीने 2009 मध्ये यादीच काढून टाकली आणि मालकाच्या जबाबदारीवर व शिक्षणावर भर दिला.

अजून एक. मुलांना होणारे बरेच चावे घरातल्या किंवा ओळखीच्या कुत्र्याचे असतात, आणि घरात कुणी मुसकं घालत नाही. तिथे उपयोग होतो तो "जागेवर जा", "सोड" अशा रोजच्या आज्ञांचा, आणि मुलं व कुत्रा एका खोलीत असताना मोठ्या माणसाने तिथून न हलण्याचा.

जुनाहात
इतकी वर्षं मोठी कुत्री हाताळली. खाऊ दाखवून रॉटवायलर वळत नाही. कुत्रा कळपातला प्राणी आहे, म्होरक्या कोण ते त्याला एकदा कळलं पाहिजे. काटेरी पट्टा लावा, दोन झटके बसले की आयुष्यभर लक्षात ठेवतो. क्लासवाले या जातींना घाबरतात, कारण त्यांच्या हातात जोर नाही.

ओलावा
याला कडाडून विरोध. कळपाच्या म्होरक्याची कल्पना मुख्यतः बंदिवासात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून आली. ती लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच पुढे सांगितलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वागण्याच्या तक्रारींसाठी आणलेल्या कुत्र्यांचा अभ्यास 2009 मध्ये आला. मालकाने मारलं किंवा लाथ घातली, तेव्हा 43 टक्के कुत्रे उलट अंगावर गेले. जबरदस्तीने उताणं पाडलं, तेव्हा 31 टक्के.

झटक्याने गुरगुरणं थांबतं, भीती थांबत नाही. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून टाकली की तोच कुत्रा सूचना न देता चावतो, आणि मग सगळे म्हणतात, "जातच तशी." या जातींना तर अशा ट्रेनरपासून सगळ्यात लांब ठेवायला हवं.

जुनाहात
माझ्या हाताखालचा एकही कुत्रा कुणाला चावलेला नाही. कागदावरचे आकडे तुमच्यापाशी ठेवा.

सावधपाऊल
इथे मी ओलावा यांच्या बाजूने. काटेरी पट्ट्याने "सरळ" केलेली कुत्री नंतर माझ्याकडे येतात, हात जवळ गेला की अंग चोरतात.

रानवारा, ज्यांना खरोखर शिकायचंय त्यांनी सुरुवात मुसक्यापासून करावी, क्लास मिळायच्या आधी, घरीच. मुसकं जाळीचं आणि इतकं ऐसपैस हवं की तोंड उघडून धापा टाकता येतील, पाणी पिता येईल. तोंड आवळणारं कापडी मुसकं फिरायला नेताना वापरू नका, कुत्र्याचं अंग मुख्यतः धापांनीच थंड होतं. आत खाऊ ठेवा, नाक त्याने स्वतःहून घालायचं. आधी बक्कल न लावता, मग क्षणभर लावून, मग घरात दोन पावलं. घाई केली तर पंजाने ओरबाडून काढायला शिकतो. मुसकं आनंदाने घालणारा कुत्रा आणलात तर एकट्याचा तास द्यायला मी तयार आहे, पण विमा कंपनीची लेखी संमती मिळाली तरच. गटात मात्र नाही.

रानवारा
एकट्याचा तास म्हणालात, एवढं तरी झालं. पण अशी तयारी किती जण दाखवतात? आणि जे दाखवतात त्यांतले सगळे भरवशाचे नसतात. बहुतेक देशांत कुत्र्याचा ट्रेनर व्हायला परवाना लागत नाही, पाटी लावली की झाला ट्रेनर. नकार खाऊन दमलेला मालक मग जो "हो" म्हणेल त्याच्याकडे जातो, आणि तो बऱ्याचदा जुनाहात यांच्यासारखा निघतो.

म्हणून शोधणाऱ्यांना सांगतो, फोनवर आधी जात सांगा, लपवू नका. मग विचारा: कुत्र्याने बरोबर केलं तर काय देता? चुकला तर नेमकं काय करता? याहून सौम्य उपाय आहे का? उत्तर गोलमोल असेल तर पुढे बोलू नका. कुत्र्याला न नेता एक तास बघायला मिळेल का विचारा. "कुत्रा आमच्याकडे ठेवून जा, पंधरवड्यात सुधारून देतो" अशी हमी देणाऱ्याकडे जाऊ नका, कारण शिकायचं असतं ते मालकालाही. आणि कुत्रा आधीच कुणाच्या अंगावर धावला असेल तर आधी पशुवैद्याकडे न्या. सांधेदुखी, कानाचं दुखणं यानेही कुत्रा चिडका होतो.

प्राजक्ता_पहाट
हे सगळं केलंत तर चांगलंच. पण इतकं करूनही बाहेर मुसकं निघणार नाही, हे लिहून द्याल?

रानवारा
हो. कायदा सांगतो तिथे तर निघणारच नाही. कायदा नसेल तिथेही, तुमची मुलं जवळ असतील तर, राहील.