डेक आपला, विमानं पाहुण्यांची: विमानवाहू नौकेवर मित्रदेशाचं स्क्वाड्रन असावं का?

तांडेल (धागाकर्ता)

अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराबरोबर ‘कोकण’ सराव झाला की आपल्याकडे चार दिवस उत्साहाचं भरतं येतं. २०२१ मध्ये त्यांची विमानवाहू नौका क्वीन एलिझाबेथ येऊन गेली, २०२५ मध्ये तशीच दुसरी, प्रिन्स ऑफ वेल्स आली आणि आपल्या विक्रांतबरोबर सरावात उतरली. दर वेळी कोणीतरी लिहितंच की आता पुढची पायरी म्हणजे मित्रदेशाची लढाऊ विमानं आपल्या नौकेवरून उडायला हवीत.

माझं मत स्पष्ट आहे. नकोत.

सरावात शेजारी शेजारी उडायला माझी काही हरकत नाही, खुशाल उडा. मी बोलतोय ते परक्या देशाचं अख्खं स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, सहा-सात महिने आपल्या डेकवर मुक्कामाला ठेवण्याबद्दल. हे काही कल्पनेतलं नाही. मे २०२१ मध्ये क्वीन एलिझाबेथ पोर्ट्समथहून पहिल्या मोठ्या मोहिमेवर निघाली. ६५,००० टनांची नौका, ब्रिटिश आरमाराची ध्वजनौका. तिच्यावर एफ-३५बी विमानं (आखूड धाव घेऊन उडणारी, उभी उतरणारी) होती १८. त्यातली ब्रिटनच्या ६१७ स्क्वाड्रनची ८, आणि अमेरिकन मरीन कोअरच्या व्हीएमएफए-२११ स्क्वाड्रनची १०. ध्वजनौकेवर पाहुणे जास्त आणि घरचे कमी!

असं का झालं? ब्रिटनकडे पुरेशी विमानंच नव्हती. २०१० मध्ये काटकसरीच्या नावाखाली हॅरियर लढाऊ विमानं निवृत्त केली आणि पुढच्याच वर्षी ७२ हॅरियर सुट्या भागांसाठी विकून टाकली. कोणाला, तर याच अमेरिकन मरीन कोअरसाठी. दहा वर्षांनी तेच मरीन स्वतःची विमानं घेऊन यांच्या डेकवर हजर झाले. दुकान आपलं, पाटी आपली, माल शेजाऱ्याचा.

जून २०२१ मध्ये याच डेकवरून आयसिसविरुद्ध उड्डाणं झाली, दोन्ही देशांच्या विमानांची. तेव्हा लंडन आणि वॉशिंग्टनचं एकमत होतं, म्हणून निभावलं. ज्या दिवशी एकमत नसेल, त्या दिवशी ती दहा विमानं काय करणार? डेकवर जागा अडवून उभी राहणार.

दर्यावर्दी

साफ असहमत.

तांडेलसाहेब, पर्याय काय होता तेही सांगा की. आठ विमानं घेऊन निघायचं? की विमानं येईपर्यंत नौका धक्क्याला बांधून ठेवायची? २०२१ ला मरीन आले म्हणून डेकवरच्या माणसांना अठरा विमानं एकत्र हाताळायचा सराव मिळाला. रात्रीची उड्डाणं, दारूगोळा वर आणणं, एक विमान उतरत असताना दुसरं हलवणं, हे कागदावर शिकता येत नाही. आणि २०२५ च्या मोहिमेत पाहा, प्रिन्स ऑफ वेल्सवर ब्रिटनची स्वतःची विमानं १८ होती आणि पुढे ती २४ पर्यंत गेली. पाहुण्यांनी मधली वर्षं भरून काढली, यजमान काही आयतोबा झाला नाही.

दुसरं म्हणजे ही काही नवी टूम नाही. १९४३ चं उदाहरण घ्या. आदल्या ऑक्टोबरात अमेरिकेची विमानवाहू हॉर्नेट बुडाली, एंटरप्राइझ जखमी झाली, दक्षिण पॅसिफिकमध्ये सॅराटोगा जवळजवळ एकटी पडली. मग ब्रिटनने एचएमएस व्हिक्टोरियस धाडली. उन्हाळ्यात सॉलोमन बेटांच्या बाजूला दोन्ही नौका एकत्र निघाल्या आणि तिथे जे केलं ते आजही धाडसी वाटेल: विमानांची अदलाबदल. ब्रिटिशांची अॅव्हेंजर बाँबफेकी विमानं सॅराटोगावर गेली, अमेरिकन वाइल्डकॅट लढाऊ विमानं व्हिक्टोरियसवर आली. लढाऊ विमानांना रेडिओवरून दिशा देण्यात ब्रिटिशांचा हात चांगला बसला होता, म्हणून त्यांच्या डेकवर जवळपास सगळी लढाऊच ठेवली. ज्याला जे जमतं ते त्याने करायचं. २०२१ ला ब्रिटिश अधिकारी सांगत होते की परकीय नौकेवरून अमेरिकन विमानं प्रत्यक्ष लढाईच्या उड्डाणाला निघाली ती १९४३ नंतर पहिल्यांदाच.

रिकामटेकडा

अमेरिकन जहाजांवर १९१४ पासून दारूबंदी आहे आणि ब्रिटिश जहाजांवर बार असतो. मरीन कशाला आले याचा एवढा खल कशाला करताय?

तांडेल

रिकामटेकडा, 😄

दर्यावर्दी, व्हिक्टोरियसचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, पण ते अर्धंच सांगितलंत. विमानाला डेकवर उतरवायला जो अधिकारी हातात फलक धरून उभा असतो त्याच्या खुणा दोन्ही आरमारांत उलट होत्या. अमेरिकन माणसाने हात वर केले की अर्थ ‘तू फार वर आहेस’. ब्रिटिश माणसाने हात वर केले की अर्थ ‘वर ये’. एकच खूण, आणि वैमानिकाने चुकीचा अर्थ घेतला की विमान डेकच्या मागच्या कडेवर आपटणार. शेवटी कोणी माघार घेतली? ब्रिटिशांनी. त्यांनी अमेरिकन पद्धत उचलली. दोघे एकत्र आले की ज्याची विमानं जास्त त्याचे नियम चालतात. मी तेच म्हणतोय.

दर्यावर्दी

त्याला माघार म्हणता? खुणा एक केल्यामुळे वैमानिक जिवंत राहिले. एवढ्या तेवढ्यावरून अस्मिता दुखावून घ्यायची तर एकत्र लढूच नका.

शंकासुर

मला एक कळत नाही. २०२१ च्या त्या नौकेवर हुकूम कोणाचा चालत होता? म्हणजे ब्रिटिश कमोडोरने सांगितलं ‘उडा’ आणि मरीन म्हणाले ‘नाही’, असं होऊ शकतं का?

अनुजा_पुणे

शंकासुर, होऊ शकतं, आणि ते आधी ठरवूनच ठेवलेलं असतं.

सगळ्या ताफ्याची सूत्रं ब्रिटनच्या कमोडोर स्टीव्ह मूरहाउस यांच्याकडे होती. रोजचं उड्डाणांचं वेळापत्रक, डेकवर कोण कुठे उभं राहणार, कोण आधी इंधन घेणार, हे सगळं एकाच साखळीतून. पण एखाद्या ठरावीक लक्ष्यावर बाँब टाकायचा की नाही, याचा शेवटचा अधिकार प्रत्येक देश स्वतःकडे राखतो. लष्करी बोलीत याला ‘रेड कार्ड’ म्हणतात. संयुक्त मोहिमेच्या मुख्यालयात प्रत्येक देशाचा एक अधिकारी हे कार्ड घेऊन बसलेला असतो, आणि आपल्या देशाच्या नियमात बसत नसेल तर तो ‘आमचं विमान जाणार नाही’ असं सांगू शकतो. २००३ मध्ये इराकवर ऑस्ट्रेलियन हॉर्नेट लढाऊ विमानं अमेरिकनांबरोबर उडत होती, तेव्हा स्वतःच्या देशाचे नियम पाळून बाँब न टाकता परतल्याचं त्यांच्या वैमानिकांनी नंतर सांगितलं. युती त्यामुळे मोडली नाही.

तेव्हा तांडेल यांचा प्रश्न खरा आहे, पण उत्तर नसलेला नाही. माझा आक्षेप वेगळाच आहे. विमान तुमचं स्वतःचं असलं म्हणजे तुम्ही स्वतंत्र, हे गृहीतक मला पटत नाही. ब्रिटनची ती आठ विमानंही अमेरिकन कंपनीचीच. सॉफ्टवेअर, सुटे भाग, शस्त्रं जोडण्याची परवानगी, सगळ्याची दोरी शेवटी तिकडेच जाते. शेपटीवर कोणाची निशाणी रंगवली आहे एवढ्याने किती फरक पडतो?

तांडेल

अनुजाताई, पडतो. १९७१ मध्ये जुन्या विक्रांतवर सी हॉक विमानं ब्रिटिश बनावटीची होती आणि अलिझे फ्रेंच. पण वैमानिक आपले होते. ४ डिसेंबरपासून त्यांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले चढवले तेव्हा लंडनला किंवा पॅरिसला फोन लावावा लागला नाही. अमेरिकेची विमानवाहू एंटरप्राइझ बंगालच्या उपसागराकडे निघाली तरी आपली उड्डाणं थांबली नाहीत. आता कल्पना करा, त्या डेकवर निम्मी विमानं या देशांपैकी कोणाच्या स्क्वाड्रनची असती तर? सुटे भाग अडवले तरी त्याचा फटका बसायला काही महिने जातात. रेड कार्ड मात्र त्याच दुपारी निघतं.

पोर्ट्समथकर

इथे राहतो म्हणून थोडं या बाजूचं. २२ मे २०२१ ला राणी जहाजावर येऊन गेली आणि त्याच दिवशी नौका निघाली. तेव्हाही इथल्या वर्तमानपत्रांत हाच वाद होता, फक्त उलट्या सुरात: ‘आमच्याच जहाजावर आम्ही अल्पसंख्य.’ पण नौदलातल्या माणसांचा सूर वेगळा असतो. त्यांना २०१० ते २०१८ हा काळ आठवतो. तेव्हा ब्रिटिश डेकवर लढाऊ विमानंच नव्हती, म्हणून डेकवरची माणसं आणि वैमानिक शिकायला पाठवले ते अमेरिकन नौकांवर. तेव्हा ब्रिटिश पाहुणे होते, २०२१ ला अमेरिकन. घेतलेलं परत दिलं इतकंच.

मरीननाही इथे शिकावं लागलं. त्यांच्या स्वतःच्या जहाजांना पुढे उतार नसतो, सपाट डेकवरून दौडत जायचं. क्वीन एलिझाबेथला स्की-जंप आहे, साधारण साडेबारा अंशांची. शेवटच्या क्षणी नाक वर उचललं जातं. दारूगोळ्याचंही तेच. ब्रिटिश विमानाचा मुख्य बाँब पेव्हवे-४, मरीनचे बाँब वेगळे, आणि दोन्ही एकाच जहाजाच्या पोटातल्या कोठारातून वर यायचे.

आणि विमान गमावलं कोणी, तर यजमानांनी! १७ नोव्हेंबर २०२१ ला भूमध्य समुद्रात एक ब्रिटिश एफ-३५बी उड्डाण घेताना उतारावरून सरळ पाण्यात गेलं. हवा आत घेण्याच्या तोंडावरचं झाकण काढायचं राहून आत ओढलं गेलं होतं. वैमानिक बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. पाण्यातून अवशेष काढायला मदत कोणाची लागली? अमेरिका आणि इटलीची.

गोंयकार

सगळे राजकारण बोलताय, जरा लोखंडाचंही बोला. आपल्याकडे हे होणारच कसं?

क्वीन एलिझाबेथवर अटकाव तारा नाहीत, म्हणून आपलं मिग-२९के तिच्यावर उतरूच शकत नाही. ते हूक टाकून तार पकडणारं विमान. २०२१ च्या सरावात मिग-२९के आणि एफ-३५बी आकाशात एकत्र आली, डेकवर नाही. उलट बाजूने पाहाल तर एफ-३५बी उभं उतरतं तेव्हा खालचा झोत इतका तापलेला असतो की डेकला खास उष्णतारोधक थर लागतो. जपानला आपल्या इझुमो नौकेवर आधी तेच काम करावं लागलं, मग ऑक्टोबर २०२१ मध्ये मरीनची विमानं तिच्यावर उतरली.

ब्रिटिशांनी स्वतःच हा दरवाजा अर्धा बंद केलाय. २०१० मध्ये ठरलं होतं की नौकेवर कॅटापल्ट (विमान झटक्याने पुढे फेकणारं यंत्र) आणि तारा बसवायच्या, कारण मग अमेरिकन आणि फ्रेंच दोघांचीही विमानं येऊ शकतील. खर्च इतका फुगला की मे २०१२ मध्ये निर्णय फिरवला. आता तिथे फक्त एफ-३५बी वाले येऊ शकतात. मरीन आले, नोव्हेंबर २०२१ मध्ये इटलीचं विमानही उतरलं. फ्रेंच राफेल मात्र नाही.

आपल्यासाठी खरी शक्यता फ्रेंचांचीच आहे. जानेवारी २०२२ मध्ये राफेल-एम दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर आलं होतं आणि किनाऱ्यावरच्या स्की-जंपवरून उडून दाखवलं. नंतर अमेरिकन सुपर हॉर्नेट विमानानेही तेच केलं. तेव्हा इथल्या आकाशात जो आवाज होता तो विचारू नका, दुपारची झोप गेली. एप्रिल २०२५ मध्ये आपण २६ राफेलचा करार केला: नौकेवरून उडणारी २२ राफेल-एम आणि प्रशिक्षणासाठी ४ दोन आसनी. ती विक्रांतवर रुळली की त्याच जातीची फ्रेंच विमानं उतरवायला लोखंड आड येणार नाही. पंख दुमडत नाहीत, म्हणून लिफ्टवर बसवायची कटकट आहे, पण ती आपल्याही विमानांना आहेच.

शंकासुर

म्हणजे प्रश्न ‘कधीतरी’चा नाही, पाच-सात वर्षांतला आहे. मग आत्ताच वाद घातलेला बरा.

दर्यावर्दी

गोंयकार यांना +१. आणि तांडेलसाहेब, रेड कार्डाची एवढी भीती असेल तर भूमध्य समुद्रातलं माल्टा बेट आठवा. १९४२ मध्ये बेट पडायच्या बेतात होतं. ब्रिटनकडे पुरेशी स्पिटफायर लढाऊ विमानं नेण्याजोगी नौका मोकळी नव्हती. चर्चिलने रूझवेल्टला विचारलं, रूझवेल्ट हो म्हणाले आणि अमेरिकेची विमानवाहू वॉस्प स्पिटफायर घेऊन भूमध्य समुद्रात शिरली. २० एप्रिलला ४७ उडाली, ४६ पोचली, आणि पुढच्या काही दिवसांत बरीचशी जमिनीवरच नष्ट झाली, कारण बेटावर तयारी नव्हती. मे महिन्यात वॉस्प पुन्हा गेली. या वेळी विमान उतरलं की काही मिनिटांत इंधन भरून पुन्हा वर. त्या खेपेला एका वैमानिकाची जादा इंधनटाकी काम देईना, तर त्याने हूक नसलेलं स्पिटफायर वॉस्पच्या डेकवर परत उतरवलं. माल्टा टिकलं ते मित्राच्या डेकमुळे.

तांडेल

बरोबर. चर्चिलने *विचारलं*. रूझवेल्ट नाही म्हणाले असते तर?

आणि एप्रिलची विमानं का गेली तेही तुम्हीच सांगितलंत. उतरवून घेणाऱ्याची तयारी नव्हती. जून २०२५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सचं एक एफ-३५बी तिरुअनंतपुरमला उतरलं आणि बिघडून अडकलं ते २२ जुलैपर्यंत. आधी उघड्यावर पावसात पहाऱ्यात, ६ जुलैला हँगरमध्ये, आणि दुरुस्तीला माणसं ब्रिटनहून. आपण यजमान म्हणून सगळी मदत केली, केरळ पर्यटनवाल्यांनी विनोदही करून घेतले. पण ते मोठ्या विमानतळावरचं एक विमान होतं. विक्रांतच्या डेकवर असं एक पाहुणं पाच आठवडे अडकलं तर त्याला हात लावायची मुभा आपल्या तंत्रज्ञांना असेल का, की ते ढकलून बाजूला करून आपली उड्डाणं चालू ठेवायची? करारात हे कलम लिहून दाखवा, मग पुढे बोलू.

अनुजा_पुणे

हा मुद्दा मात्र नीट आहे. एक स्पिटफायर परत उतरलं तर बाजूला सारता येत होतं. आजच्या विमानाला परक्या तंत्रज्ञाने बोट लावायचं तरी मालकाची परवानगी लागते. फ्रेंचांशी बोलायचं असेल तर राफेल आपलंही असल्यामुळे तंत्रज्ञ, सुटे भाग, अवजारं आधीच डेकवर असतील. एफ-३५ वाल्यांशी तसं कधीच होणार नाही. तेव्हा ‘मित्रदेश’ म्हणून सगळ्यांना एकाच रांगेत उभं करू नका.

तांडेल

फ्रेंच असोत नाहीतर आणखी कोणी. आधी आपली २२ विक्रांतवर येऊ द्यात.