सोरॉरिटी निवडीची टक्केवारी कशी पडताळावी?

प्रश्न (विलेपार्ले): माझी भाची ऑगस्टमध्ये अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात जात असून तिला सोरॉरिटीत (तिथल्या विद्यार्थिनींच्या निवडक सदस्यत्वाच्या संघटनेत) सामील व्हायचे आहे. मोठ्या विद्यापीठांत किती मुलींची निवड होते याचे आकडे आम्ही पाहतो आहोत, परंतु त्यांचा मेळ बसत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मुलुंड): ताई, आधी भाजक कोणता धरला आहे ते पाहावे. नोंदणी केलेल्या सर्व मुली धरल्या, तर मध्येच माघार घेतलेल्याही त्यात येतात. केवळ शेवटच्या, म्हणजे प्रेफरन्स फेरीपर्यंत टिकलेल्या मुली धरल्या, तर तोच निकाल कितीतरी उजळ दिसतो. अलाबामात अलीकडे अडीच हजारांच्या आसपास मुली नोंदणी करतात, पण प्रत्येक शाखेचा (म्हणजे त्या विद्यापीठातील एकेका सोरॉरिटीचा) कोटा त्या वर्षीच्या मुलींच्या संख्येवरून ठरत असल्याने गर्दी वाढली की जागाही वाढतात. शिवाय ही अकरावीची गुणवत्ता यादी नव्हे; पसंती दोन्ही बाजूंनी जुळावी लागते, म्हणून एकाच शाखेचा हट्ट धरणाऱ्या मुली रिकाम्या हाताने परततात.

उत्तर (दादर): वेळापत्रकही पाहावे. अलाबामात निवड वर्ग सुरू होण्यापूर्वीच होते, तर काही विद्यापीठे ती जानेवारीपर्यंत लांबवतात. १९९८ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात स्थापन झालेल्या डेल्टा फाय ओमेगासारख्या दक्षिण आशियाई सोरॉरिटींची निवड स्वतंत्रपणे होते, त्यामुळे त्यांच्या सदस्या या टक्केवारीत मोजल्या जात नाहीत.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. माघारीचे आकडे वेगळे काढून पुन्हा तुलना करते.