हरभऱ्याला स्फुरद (फॉस्फरस) कसं द्यावं? सुपर, रॉक फॉस्फेट की पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू)?

काळीआई: दोन एकर हरभरा पेरायचाय. जमीन भारी, चुनखडीची, सामू (पीएच) 8.2. माती तपासणीत उपलब्ध स्फुरद ‘कमी’ आलंय. मागच्या खेपेला झाडं खुजी राहिली, मुळांवर गाठी मोजक्याच. एकरी एकच पोतं घेता येईल, त्यापुढे हात पोचत नाही. काय घेऊ?

बांधावरून: एकरी तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट, डोळे झाकून. गंधक आणि कॅल्शियमही मिळतं. मी डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) सोडलं तेव्हापासून घाटे टच्च भरतात.

नांगरट: तीन कुठली, ते एक म्हणतायत. रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची भुकटी) घ्या, आमच्याकडे मस्त चाललं.

जुनंखोड: नांगरट भाऊ, तुमची जमीन आम्लधर्मी असणार. 8 च्या पुढच्या सामूत रॉक फॉस्फेट विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. मी टाकून बसलो, पीक जागचं हललं नाही. घ्यायचंच तर पीएसबीसोबत शेणखताच्या खड्ड्यात कुजवा, थोडंफार सुटतं.

शेतगडी: पीएसबी लावाच. हे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून चुन्यानं धरून ठेवलेलं स्फुरद मोकळं करतात. माझं पहिलं वर्ष मात्र वाया गेलं. पाकीट दुपारभर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर उन्हात राहिलं, वर बुरशीनाशक मागाहून चोळलं. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू) आणि पीएसबी, 10 किलो बियाण्याला प्रत्येकी 250 ग्रॅम. गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हातानं लावा. जोर केला की साल सुटून डाळ होते. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

पाटपाणी: पीएसबीच्या पाकिटातली भुकटी मी दोनदा वापरली, काडीचा फरक नाही. मायकोरायझा (मुळांना स्फुरद पोचवणारी बुरशी) घ्या.

नांगरट: मायकोरायझा कशाला, एवढ्यात रॉक फॉस्फेट येईल.

जुनंखोड: सामू वाचा हो!

तिफण: सुपरच घ्या, वर सांगितलंय तसं. पण खत फेकून देऊ नका. स्फुरद जमिनीत जागचं हलत नाही, ते बियाण्याखाली दोन-तीन बोटं पडलं पाहिजे. आणि चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास झाड उपटू नका, खोदून काढा. गाठ नखानं फोडा. आत गुलाबी असेल तर नत्र बांधलं जातंय. हिरवट किंवा पांढरी निघाली तर नाही.

काळीआई: सगळ्यांचे आभार. हिशेब घातला. सुपरच्या 50 किलोत स्फुरद 8 किलो, डीएपीच्या 50 किलोत 23. एकच पोतं घ्यायचं तर मी डीएपी घेतोय, बियाण्याखाली पेरून देणार. पीएसबी लावतो, पण चार ओळी बिनपीएसबीच्या ठेवतो. गाठी दोन्हीकडच्या फोडून बघेन.

बांधावरून: आणि गंधकाचं काय?

काळीआई: यंदा शेणखतावर भागवतो, दादा.