मदत हवी आहे: इन्टॅक्ट आणि बायोग्रिड या दोन प्रोटीन-इंटरॅक्शन डेटाबेसचा डेटा एकत्र करताना डुप्लिकेट कसे काढायचे?

मानवी प्रोटीन-प्रोटीन इंटरॅक्शनचं एक नेटवर्क बनवतोय, त्यासाठी इन्टॅक्टची मिटॅब (टॅबने कॉलम पाडलेला टेक्स्ट फॉरमॅट) २.७ फाइल (४२ कॉलम) आणि बायोग्रिडची मिटॅब २.५ (१५ कॉलम) घेतली. दोन्हीकडे इंटरॅक्शन नोंदवायचं एकच पीएसआय-एमआय स्टँडर्ड म्हटल्यावर वाटलं होतं तासाभराचं काम, पण कसलं काय!

बायोग्रिडच्या पहिल्या दोन कॉलममध्ये एन्ट्रेझ जीन आयडी (जीनचे नंबर) आहेत, इन्टॅक्टमध्ये युनिप्रॉट (प्रोटीनचे आयडी) आणि तेही कधीकधी आयसोफॉर्मसकट (एकाच जीनच्या प्रोटीनचं वेगळं रूप), म्हणजे पी०४६३७-२ असं. मी सगळं जीनवर मॅप केलं, -२ वगैरे शेपट्या छाटल्या आणि दोन्ही जीन अधिक पबमेड आयडी (पेपरचा नंबर) अशी जुळवणीची की (key) बनवली. बरेच डुप्लिकेट गेले. प्रयोगाची पद्धत मात्र मुद्दाम कीमध्ये घेतली नाहीये, कारण एकाच पेपरला एकीकडे पद्धतीचा कोड एमआय:०००४ (अ‍ॅफिनिटी क्रोमॅटोग्राफी) लावलंय आणि दुसरीकडे त्याच्याच खालची जास्त नेमकी टर्म एमआय:०००७ (अँटी-टॅग को-इम्युनोप्रेसिपिटेशन).

खरी अडचण पुल-डाउन डेटाची (एक प्रोटीन आमिष म्हणून वापरून त्याला चिकटलेली सगळी एकदम ओढून काढतात तो). इन्टॅक्टमध्ये असे कॉम्प्लेक्स (प्रोटीनचे गट) स्पोक पद्धतीने, म्हणजे आमिषाची बाकी प्रत्येकाशी जोडी लावून, फोडून जोड्या केल्यात आणि तसं कॉलममध्ये लिहिलेलंही असतं, पण २.५ मध्ये तो कॉलमच नाही! स्पोकवाल्या सगळ्या ओळी उडवल्या तर नेटवर्क अगदीच विरळ होतं, म्हणून तो उपाय नको. एक्सएमएल पार्स करायची तयारी आहे, पायथन येतं, पण लॅपटॉप ८ जीबीचाच आहे आणि सर्व्हर मिळणार नाही.

तर पद्धतीच्या टर्म ऑन्टॉलॉजीत (टर्मच्या वर-खाली मांडलेल्या झाडात) वर चढवून कॉमन पॅरेंटवर जुळवायच्या की पद्धत सोडूनच द्यायची? आणि स्पोकच्या जोड्या ठेवून त्यांना कमी वजन द्यायचं झालं तर बायोग्रिडच्या ओळींत त्या ओळखायच्या कशा?