जुन्या किचनएड डिशवॉशरला नवा पंप बसेल का?

भाऊ, काकांनी अमेरिकेतून आणलेला होबार्टच्या (किचनएडची तेव्हाची मालक कंपनी) काळातला किचनएड आहे, पंपाच्या शाफ्टचं (फिरणाऱ्या दांड्याचं) सील गेलं अन् खालून पाणी गळून राह्यलं. नव्या मॉडेलचा पंप चालेल का?

– नाही चालणार. 1986 ला किचनएड व्हर्लपूलकडं गेलं, पुढं पंपाचं डिझाइनच बदललं, नाव तेवढं तेच राह्यलं.

– पंप कशाला, सीलच बदला ना. शाफ्टचा व्यास व्हर्नियरनं मोजा अन् जुनं सील घेऊन इतवारी बाजारात दाखवा, पण गरम पाणी अन् डिटर्जंट सहन करणारं रबर मागा, साधं फुगतं. शाफ्टवर नख फिरवून पाहा, चरा लागला तर नवंही टिकत नाही.

– अमेरिकेची मशीन 60 हर्ट्झच्या विजेवर चालते. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज उतरतं, पण 50 चं 60 हर्ट्झ होत नाही. आपल्या 50 वर मोटर हळू फिरते, तापते, त्यात नागपूरचा मे महिना. माझी जळली, फार जीव होता तिच्यावर.